प्रोग्रेसिव्ह चष्मा, उंच टेबल आणि लॅपटॉप स्टँड: अमळनेर येथील एक प्रकरण

प्रकरणाची ओळख

अमळनेर येथे घरूनच काम करणाऱ्या एका करसल्लागार बाईंच्या मानदुखीचे हे प्रकरण आहे. त्यांचे वय 46 वर्षे आणि उंची 153 सेंटिमीटर. जिनिंग, ठिबक सिंचनाचे साहित्य, किराणा, बांधकाम साहित्य अशा व्यवसायांतल्या स्थानिक अशिलांचे हिशेब लिहिणे आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे त्यांचे काम. लेखात त्यांचा उल्लेख ‘ताई’ असा केला आहे, कारण उपचारांच्या काळात मी त्यांना हीच हाक मारत आले. जुलै 2017 मध्ये लागू झालेल्या जीएसटीमुळे त्यांचा महिना दोन तारखांभोवती फिरतो: जीएसटीआर-1 या विवरणपत्रासाठी 11 आणि जीएसटीआर-3बी या विवरणपत्रासाठी 20. मानेचे दुखणे याच दोन तारखांच्या आधीच्या दिवसांत उसळते आणि महिनाअखेरीस बसते, हे त्यांनी स्वतःच हेरले होते. निदानाच्या दृष्टीने ही नोंद मला त्यांच्या जवळच्या क्ष-किरण चित्रापेक्षा अधिक मोलाची वाटली.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात पट्टा होता. “मॅडम, मान दुखी ऱ्हायनी, पन काम ते सोडता येत नही,” असे त्यांनी घरच्या अहिराणीत सांगितले, आणि तक्रारीचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. दुखणे मानेच्या मुळाशी सुरू होऊन उजव्या फऱ्यापर्यंत (खांद्यामागच्या पसरट हाडापर्यंत) उतरत असे, संध्याकाळी डोक्याच्या मागच्या भागात ठणका लागत असे आणि डोळे कोरडे पडून चुरचुरत. क्ष-किरण चित्र पाहून ‘मणक्यात गॅप कमी झाली आहे’ असे त्यांना कोणी तरी सांगितले होते आणि त्या शब्दांची त्यांनी फार धास्ती घेतली होती. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या चित्रांत असे बदल दिसतात आणि त्यांपैकी अनेकांना काहीही दुखत नसते, हे त्यांना समजावून सांगण्यात पहिली भेट बरीचशी खर्ची पडली, आणि ती योग्य कारणी लागली असे माझे मत आहे. हाताला मुंग्या, पकड ढिली पडणे, चालताना तोल जाणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही नव्हते. यांतले एखादे लक्षण असते, तर टेबल-खुर्चीची चर्चा बाजूला ठेवून त्यांना आधी तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवणे हेच माझे काम ठरले असते.

स्टँड आल्यानंतर वाढलेले दुखणे

या प्रकरणाची नोंद करावीशी वाटली ती एका विशेष कारणामुळे. ताईंकडे लॅपटॉप स्टँड आधीपासून होता. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने आईची मान दुखते म्हणून तो ऑनलाइन मागवला होता. ॲल्युमिनियमचा, दोन बिजागऱ्यांचा, बाजूने पाहिल्यास इंग्रजी झेड अक्षरासारखा दिसणारा आणि 22 सेंटिमीटरपर्यंत उंच होणारा हा स्टँड कारागिरीच्या दृष्टीने उत्तम होता. ताईंनी तो पूर्ण उंच करून वापरायला घेतला, आणि दुखणे कमी होण्याऐवजी खांद्यांतही शिरले. काही दिवसांनी त्यांनी बाहेरून जोडण्याचा कीबोर्ड आणि माऊस आणला. त्याने खांदे थोडे सुटले, पण डोक्यामागचा ठणका उलट वाढला. स्टँड निकामी आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो कपाटावर टाकला होता. त्यांच्या घरी जाऊन टेबल, खुर्ची आणि त्यांची बसण्याची पद्धत पाहिल्याखेरीज हा निष्कर्ष मान्य करायला माझे मन तयार नव्हते.

पाहणी

वरच्या मजल्यावरच्या खोलीत सनमायका लावलेले, 75 सेंटिमीटर उंचीचे एक टेबल आणि त्याच्याशी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्चीची बैठक जमिनीपासून 43 सेंटिमीटरवर होती. ताईंना खुर्चीत सरळ बसवून शिंप्याच्या टेपने मापे घेतली: बैठकीपासून कोपर 20 सेंटिमीटरवर, डोळे 69 सेंटिमीटरवर. म्हणजे जमिनीपासून कोपर 63 वर आणि टेबल 75 वर. कीबोर्डची जाडी धरली, तर त्यांचे हात कोपराच्या रेषेपेक्षा सुमारे 14 सेंटिमीटर वर काम करत होते. एवढ्या उंचीवर बोटे पोहोचवायची तर खांदे उचलून धरण्यावाचून इलाज नसतो, आणि दिवसभर उचलून धरलेले खांदे संध्याकाळी फऱ्यात दुखतात. आपल्याकडे घरोघरी मिळणारी टेबले 75 सेंटिमीटरच्या आसपासच असतात. उंच माणसाला ती चालून जातात, दीडशे सेंटिमीटरच्या जवळपास उंची असलेल्या बाईला मात्र ती सरळसरळ उंच पडतात. या गोष्टीची दखल फारच थोड्या घरांत घेतली जाते, याचे मला वाईट वाटते, कारण घरून काम करणाऱ्या आपल्या बायकांपैकी पुष्कळ जणी याच उंचीच्या आहेत.

आता स्टँडचा हिशेब पाहू. त्यांच्या 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा उघडल्यावर त्याची वरची कड बुडापासून 23 सेंटिमीटरवर येत होती. जमिनीपासून डोळे 112 सेंटिमीटरवर. स्टँडशिवाय वरची कड 98 वर होती, म्हणजे डोळ्यांच्या रेषेच्या 14 सेंटिमीटर खाली. स्टँड पूर्ण उंच केल्यावर तीच कड 120 वर गेली, म्हणजे डोळ्यांच्या 8 सेंटिमीटर वर. आणि कीबोर्ड न जोडता त्यांनी जे दिवस काढले, त्या दिवसांत बोटे 99 सेंटिमीटरवर, जवळजवळ खांद्याच्या उंचीवर चालत होती. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे एकाची उंची जमवली की दुसऱ्याची बिघडते. म्हणून स्टँड घेणाऱ्याने त्याच खरेदीत वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेणे अपरिहार्य आहे, एवढे येथे सांगून पुढे जाते.

पाहणीत हाती लागलेली खरी गोष्ट वेगळीच होती. बिले नोंदवताना ताई फाईल मांडीवर ठेवत, कारण टेबलावर जागा नव्हती. मान वाकत होती ती लॅपटॉपसाठी नव्हे, त्या फाईलसाठी. एका बिलावरचा आकडा वाचायचा, मान वर करून तो भरायचा, पुन्हा मांडीकडे पाहायचे, हे चक्र तासाला शेकडो वेळा होत असावे. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण 4.5 ते 5.5 किलो असते. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये गणिती प्रारूपाच्या आधारे असे मांडले, की मान 30 अंश पुढे झुकली की मानेच्या मणक्यांवर सुमारे 18 किलो, 45 अंशांवर सुमारे 22 किलो आणि 60 अंशांवर सुमारे 27 किलो इतका भार येतो. हे आकडे संगणकावर काढलेले आहेत, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे रुग्णाला ऐकवून घाबरवणे मला पसंत नाही. तरी झुकाव वाढला की भार वाढतो ही दिशा मात्र निःसंशय खरी आहे. ताईंची मान फाईलकडे पाहताना 45 अंशांहून अधिक झुकत होती. पडदा कितीही उंच केला असता, तरी या झुकण्यात तसूभरही फरक पडला नसता.

चष्म्याचा प्रश्न

डोक्यामागच्या ठणक्याचे कारण सापडले ते त्यांना काही वेळ काम करताना बाजूने पाहिल्यावर. स्टँड पूर्ण उंचीवर ठेवून मी त्यांना नेहमीसारखे काम करायला सांगितले. काही मिनिटांतच त्यांची हनुवटी वर उचलली गेली आणि मान मागे दुमडली. त्या प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतात. या भिंगात वरचा भाग दूरचे पाहण्यासाठी, खालचा भाग हातातले वाचण्यासाठी असतो आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यातून साधारण हातभर अंतरावरचे स्पष्ट दिसते. लॅपटॉपचा पडदा नेमका याच हातभर अंतरावर असतो. तो डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या वर ठेवला, की नजर भिंगाच्या वरच्या भागातून जाते आणि अक्षरे अंधुक दिसतात. मग माणूस नकळत हनुवटी उचलून मधला पट्टा पडद्याच्या समोर आणतो. मानेच्या मागच्या बाजूचे लहान सांधे अशा वेळी दाबले जातात आणि कवटीच्या बुडाशी असलेले स्नायू आखडून राहतात. ठणका तिथलाच होता.

‘पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर असावी’ हा नियम स्टँडच्या खोक्यांवर छापलेला असतो, कार्यालयांतल्या भित्तिपत्रकांवर असतो, आणि एकेरी नंबरचा चष्मा असणाऱ्या किंवा चष्मा नसणाऱ्या माणसासाठी तो बराचसा योग्य आहे. परंतु प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्या माणसाच्या बाबतीत तोच नियम दुखणे निर्माण करतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होणे ही वयाची सर्वसाधारण गोष्ट आहे, त्यामुळे अशा चष्म्यांची संख्या मोठी आहे, आणि स्टँड विकणारा, चष्मा करून देणारा व मान तपासणारा या तिघांपैकी एकानेही ताईंना या दोन वस्तूंचा परस्परसंबंध विचारला नव्हता. मानेच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा चष्मा हातात घेऊन पाहावा, असे मी माझ्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगते.

डोळ्यांच्या कोरडेपणाचाही येथे थेट संबंध आहे. पडद्याकडे पाहताना माणूस पापण्या कमी मिटतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात पडदा उंच असेल, तर डोळे अधिक उघडे राहतात आणि बुबुळाचा जास्त भाग हवेला लागतो. नजर खाली असेल, तर वरची पापणी उतरते आणि ओलावा टिकतो. खान्देशातल्या फेब्रुवारीनंतरच्या कोरड्या हवेत, पंख्याखाली, हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणजे ताईंच्या बाबतीत चष्मा आणि हवामान या दोन्ही गोष्टी एकच मागत होत्या, ती म्हणजे पडदा थोडा खाली आणणे.

केलेले बदल आणि त्यांचा क्रम

मापे जमवताना मी कोपरापासून सुरुवात करते, मग पाय, आणि पडदा सर्वांत शेवटी. स्टँड घरी आला की माणूस पडद्यापासून सुरुवात करतो आणि बाकीचे शरीर त्याच्या मागे फरफटत जाते. ताईंचे नेमके असेच झाले होते. कोपर आधी घ्यायचा, कारण बैठकीची उंची कोपरावरून ठरते, आणि बैठक ठरल्याशिवाय डोळे कुठे येणार हेच कळत नाही.

टेबल लाकडी असल्यामुळे सुताराला बोलावून त्याचे पाय 7 सेंटिमीटर कापून घेतले. टेबल 68 वर आले. टेबल कापायची कल्पना घरात प्रथम कोणालाच रुचली नाही, आणि ते स्वाभाविकही होते. खुर्चीवर पिंजाऱ्याकडून घट्ट भरून घेतलेली कापसाची लहान गादी टाकली, जी बसल्यावर दबून 6 सेंटिमीटर उरते. बैठक 49 वर आणि कोपर 69 वर आला. पातळ कीबोर्डसह बोटे 70 वर, म्हणजे कोपराच्या जवळजवळ समान रेषेत आली आणि खांदे आपोआप खाली उतरले. बैठक उंच झाल्याने पाय अधांतरी राहू लागले, म्हणून त्याच सुताराकडून 9 सेंटिमीटर उंचीचा, तळवे पूर्ण मावतील एवढा रुंद लाकडी पाट करून घेतला. पाय लोंबकळत राहिले की मांडीच्या मागच्या बाजूवर खुर्चीची कड रुतते आणि माणूस पुढे सरकून पाठीचा टेका सोडतो, म्हणून हा पाट टाळता येण्यासारखा नव्हता.

यानंतर डोळे जमिनीपासून 118 सेंटिमीटरवर, म्हणजे टेबलापासून 50 सेंटिमीटर वर गेले. स्टँडविना पडद्याची वरची कड आता डोळ्यांच्या 27 सेंटिमीटर खाली पडत होती, जे खरोखरच फार खाली आहे. कपाटावर टाकलेल्या स्टँडची गरज खऱ्या अर्थाने या टप्प्यावर निर्माण झाली. 22, 18, 15 आणि 12 सेंटिमीटर अशा उंचीवर तो ठेवून प्रत्येक वेळी ताईंना जीएसटीचा तक्ता वाचायला लावला आणि मी बाजूने हनुवटीकडे पाहत राहिले. 15 सेंटिमीटरवर हनुवटी स्थिर राहिली. तेथे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या 12 सेंटिमीटर खाली आणि पडद्याचा मध्य सुमारे 20 अंश खालच्या नजरेत येतो. पडदा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर ठेवला आणि किंचित मागे कलता केला, म्हणजे नजर त्यावर काटकोनात पडते. अक्षर लहान वाटू लागल्यावर त्या पूर्वी पुढे वाकत. आता तक्ता 125 टक्के मोठा करून पाहायची सवय लावली आहे.

फाईलचा प्रश्न देवघरातल्या वस्तूने सोडवला. पोथी वाचताना वापरतात ते लाकडी घडीचे स्टँड ताईंच्या सासूबाईंकडे जास्तीचे होते. ते कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्या मधल्या जागेत मांडले आणि बिलांची फाईल त्यावर उभी राहिली. आता नजर बिलावरून पडद्यावर सरळ वर जाते आणि मान वाकवावी लागत नाही, वळवावीही लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, “पोथी काय अन् हिशेब काय, दोन्ही नीटच वाचायचं असतं ना सूनबाई.” या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोठा आणि सर्वांत लवकर दिसलेला फरक याच एका बदलाने पडला, असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

स्टँडविषयी दोन व्यावहारिक गोष्टी नोंदवते, त्या अशा. बिजागऱ्या घर्षणावर पकड धरतात आणि रोजच्या उघडझापेने त्या सैल होतात. लॅपटॉप हळूहळू खाली बसू लागला, की सोबत मिळणाऱ्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) स्क्रू आवळावेत. दुसरी गोष्ट धुळीची. स्टँडच्या तळाशी असलेल्या रबरी गाद्यांवर धूळ बसली, की सनमायकावर तो सरकतो. ओल्या फडक्याने त्या पुसल्या की पुन्हा घट्ट बसतो.

पलंगावरचे काम

एप्रिलमध्ये प्रकरणाने दुसरे वळण घेतले. या दिवसांत जळगाव जिल्ह्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी बसणे अशक्य होते. ताई दरवर्षीप्रमाणे तळमजल्यावर, कूलर असलेल्या खोलीत आल्या. तेथे टेबलाला जागा नाही, पलंग आहे. पलंगावर बसून काम करू नका, असे सांगणे सोपे आहे; पण ज्या घरात दुपारी एकच खोली बसण्याजोगी असते, तेथे हा सल्ला निरुपयोगी ठरतो, आणि जो पाळता येत नाही असा सल्ला देऊन रुग्णाला अपराधी वाटायला लावणे मला योग्य वाटत नाही.

पलंगावर त्या मांडी घालून, भिंतीला टेकून, लॅपटॉप गादीवर ठेवून काम करत. मांडी घालून मऊ गादीवर बसले, की कटी, म्हणजे कमरेखालचे हाड, मागे कलंडते, कंबरेचा नैसर्गिक बाक मोडतो आणि पाठ गोल होते. मग मानही पुढे येते. त्यांनी तोच झेड आकाराचा स्टँड गादीवर ठेवून पाहिला होता, पण कापसाची गादी दबते, स्टँडचा तळ एका बाजूने रुततो आणि जवळजवळ 2 किलोचा लॅपटॉप कलतो. हा स्टँड कडक पृष्ठभागासाठीच केलेला असतो. पलंगासाठी मांडीवरून आडवे बसणारे, घडीच्या पायांचे लहान टेबल लागते. त्यांनी सांध्या-सांध्यांनी वळणारे पाय असलेले टेबल घेतले. त्याचे पाय गादीत रुतू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पायांखाली प्लायवुडची पट्टी घातली, आणि त्याने टेबलाचे डुलणे थांबले.

बसण्याची रचना अशी ठरवली. भिंतीशी तक्क्या उभा करून पाठ 110 ते 120 अंशांत मागे रेललेली. कंबरेच्या खोलगट भागात गुंडाळलेली चादर. पाय लांब आणि गुडघ्यांखाली उशी, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू ताणले जात नाहीत आणि कटी मागे ओढली जात नाही. दोन्ही कोपरांखाली घडी घातलेल्या गोधड्या. मागे रेलल्याने नजरेची रेषाही वर उचलली जाते, म्हणून टेबलाचा वरचा पाट 15 ते 20 अंश कलता करून पडदा पुन्हा नजरेच्या काटकोनात आणला. चष्म्याची अडचण येथे अधिक तीव्र होते, कारण डोके मागे टेकलेले असताना भिंगाच्या खालच्या भागातून पाहणे अवघड जाते. म्हणून डोक्यामागे पातळ उशी देऊन मान किंचित पुढे आणली.

एवढे करूनही पलंगावर टंकलेखन करणे चांगले नाही, हे मी ताईंना स्पष्ट सांगितले. कलत्या पाटावर मनगटे मागे वळतात आणि कोपरांचा आधार सुटतो. यावर आम्ही उपाय काढला तो उपकरणांत फेरफार करून नाही, कामाची विभागणी करून. नोंदी भरण्याचे सगळे काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ या वेळेत वरच्या टेबलावर. दुपारी पलंगावर फक्त वाचणे, ताळा जुळवणे, अशिलांशी फोनवर बोलणे. खान्देशात उन्हाळ्यात शेतीची कामेही पहाटेच उरकतात, त्यामुळे घराच्या वेळापत्रकात हा बदल सहज बसला. दुपारी दर अर्ध्या तासाने उठून खोलीत फिरणे आणि वीस मिनिटांनी सुमारे 6 मीटर दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहणे, एवढे पथ्य ठेवले.

उष्णतेविषयी

गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा आत घेणारी बुडाची जाळी बंद होते. पंखा जोरात फिरतो, तरी उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. ताईंना ‘दुपारी लॅपटॉप हँग होतो’ असे वाटत होते त्याचे कारण हे होते. लिथियम-आयन बॅटरीही उष्णतेत लवकर म्हातारी होते. ॲपल ही कंपनी आपल्या लॅपटॉपसाठी 10 ते 35 अंश सेल्सियस हे भोवतालचे तापमान योग्य मानते. अमळनेरच्या मे महिन्यातली दुपार कूलर नसलेल्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडते. पलंगाच्या टेबलाला असलेल्या छोट्या पंख्यांवर फार विसंबू नये, कारण ते खोलीतलीच हवा फिरवतात. टेबलाने बुडाखाली मोकळी जागा दिली, हाच त्याचा मुख्य लाभ आहे. कूलरची ओलसर हवा थेट लॅपटॉपवर आणि थेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून पलंगाची दिशा बदलली. लॅपटॉप मांडीवरच ठेवून तासन्‌तास काम करणाऱ्यांच्या त्वचेवर उष्णतेने जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात, अशी प्रकरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ताईंच्या बाबतीत ती वेळ आली नव्हती.

सध्याची स्थिती

मान आणि फरे यांच्या बळकटीचे साधे व्यायाम रोज चालू आहेत: हनुवटी सरळ मागे नेणे, फरे एकमेकांकडे ओढणे, भिंतीशी उभे राहून हात वर सरकवणे. गळ्याचा पट्टा टप्प्याटप्प्याने सोडवला, कारण तो दीर्घकाळ वापरल्यास मानेचे स्नायू आळसावतात. डोक्यामागचा ठणका थांबला आहे. फऱ्यातले दुखणे 20 तारखेच्या आधी दोन-तीन दिवस अजूनही डोके वर काढते, पण आडवे न होता विवरणपत्र पूर्ण करता येते, आणि ताईंच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे. उजव्या मनगटातली माऊसमुळे होणारी कुरकुर पूर्ण गेलेली नाही; माऊस डाव्या हाताने वापरून पाहण्याचा प्रयोग सुरू आहे. 60 सेंटिमीटर अंतरासाठी एकेरी नंबरचा, केवळ संगणकाचा चष्मा करून घ्यावा असे मी सुचवले आहे, आणि त्यासाठी हे अंतर कागदावर लिहून चष्म्याच्या दुकानात द्यायला सांगितले आहे. तो चष्मा आला की स्टँडची उंची पुन्हा मोजावी लागेल, आणि तेव्हा ती 15 च्या वर नेता येईल असा माझा अंदाज आहे.

सुट्टीत मुलगी घरी आली की हाच स्टँड तीही वापरते. तिची उंची 166 सेंटिमीटर आहे आणि तिला चष्मा नाही, म्हणजे तिचे माप आईच्या मापापासून बरेच दूर आहे. प्रत्येक वेळी अंदाजाने बिजागरी हलवण्याऐवजी तिने स्टँडच्या दांड्यांवर नखांच्या रंगाने दोन खुणा केल्या आहेत: आईची लाल, तिची निळी. कापसाचा हंगाम सुरू होऊन जिनिंगची बिले वाढतील, तेव्हा या रचनेची खरी परीक्षा होईल, आणि त्या महिन्यांतली 11 व 20 तारखेची नोंद मी ताईंकडून आवर्जून मागवली आहे.